जठरदाह, दुर्बीण तपासणी आणि नॅनोकण

जठराच्या आतील अस्तराला सूज आली, की त्यास जठरदाह म्हणतात. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ, थोडेसे खाल्ल्यावरही पोट भरल्यासारखे वाटणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. काहींना मात्र काहीच जाणवत नाही. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बिणीने तपासणी सुचवली, की अनेकांना धास्ती वाटते. ती समजण्याजोगी आहे. पण ही तपासणी बहुधा दहा मिनिटांत आटोपते. ‘नॅनोचे औषध प्याले की आतले सारे दिसते आणि बरेही होते,’ असे कानावर आले म्हणून ती पुढे ढकलू नये.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला एक केस सुमारे 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. इतके सूक्ष्म कण दाहाच्या जागी पोहोचावेत, ती जागा तपासणीत ठळक दिसावी आणि औषधही नेमके तेथेच सुटावे, या दिशेने संशोधन सुरू आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. जी. मुगेश यांच्या गटाने 2014 मध्ये व्हॅनेडियम ऑक्साइडचे नॅनोतंतू पेशींमधील एका संरक्षक विकराप्रमाणे काम करतात, असे दाखवून दिले. दाहाच्या वेळी पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी उपद्रवी रसायने वाढतात. त्यांचा निचरा हे तंतू करतात. शोध मोलाचा आहे, पण तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा. जठरात परिस्थिती फार कठीण असते. तेथील तीव्र आम्ल अनेक कणांना विरघळवते, चिकट श्लेष्मा त्यांना अडवतो आणि उरलेले कण अन्नाबरोबर पुढे सरकतात. अमेरिकेत 1996 मध्ये एमआरआयपूर्वी पिण्याचे लोहकणांचे द्रव मंजूर झाले होते, मात्र ते आतडी स्पष्ट दिसावीत एवढ्यापुरतेच. दाह दाखवणारे आणि बराही करणारे नॅनोकण आज नेहमीच्या उपचारांत नाहीत.

जठरदाहाचे एक प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे. त्याच्या शोधासाठी मार्शल व वॉरेन यांना 2005 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. श्वासाच्या, शौचाच्या किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीत तो सापडतो. आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर जिवाणू असूनही अहवाल चुकीने निर्दोष येऊ शकतो. म्हणून आपण घेत असलेली प्रत्येक गोळी, गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीसुद्धा, डॉक्टरांना सांगावी. वेदनाशामकांनीही जठराला इजा होते. जिवाणूवरील उपचार बहुधा 14 दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी जळजळ थांबली तरी तो अर्ध्यावर सोडू नये.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. विनाकारण वजन घटत असेल किंवा गिळताना अडत असेल, तर तपासणीस विलंब करू नये.

नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी कोणी विचारल्यास भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीतील, म्हणजेच सीटीआरआयमधील, क्रमांक मागावा. ही नोंद 2009 पासून बंधनकारक असून कोणालाही विनामूल्य पाहता येते. माहितीपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत मागावे, घरी नेऊन वाचावे आणि मगच सही करावी. नकार दिला, तरी आपले नेहमीचे उपचार चालूच राहतात.