‘प्रजिमा’ कोण? ‘लपा तलाव’ कुठं लपला? गावाकडच्या पाट्या हसवतात, पण वाचल्या तर कामाला येतात

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवसाआड एखादा तरी पाटीचा फोटो पडतोच. ‘येथे थुंकू नये’ लिहिलेल्या भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्यांची रांगोळी. ‘पुढे गतिरोधक आहे’ असा फलक, आणि पुढे गतिरोधकाच्या जागी खड्डा. खाली चार हसरे चेहरे येतात, फोटो पुढच्या ग्रुपला जातो, विषय संपतो. हसायला काहीच हरकत नाही. पण या पाट्या अशा का होतात आणि त्यावर नेमकं काय लिहिलेलं असतं, हे जरा थांबून बघितलं तर काही पाट्या थेट आपल्या खिशाशी आणि काही जिवाशी जोडलेल्या निघतात.

‘नये’ गेलं कुठं?

सगळ्यात जास्त हसू येतं ते मनाईच्या पाट्यांना. ‘येथे कचरा टाकू’ एवढंच दिसतं आणि खाली खरंच ढीग असतो. याचं कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘टाकू नये’, ‘लावू नका’, ‘सक्त मनाई आहे’ हे सगळं शेवटी. पेंटर वरून मोठ्या अक्षरात सुरुवात करतो, जागा संपत आली की उरलेला शब्द खालच्या ओळीत दाटीवाटीनं बसवतो. आणि भिंतीचा खालचा भाग सगळ्यात आधी खराब होतो. पावसात चिखल उडतो, गवत वाढतं, कुणीतरी वाढदिवसाचं पोस्टर चिकटवतं. दोन पावसाळ्यांत ‘नये’ जातं आणि बंदीचं आमंत्रण होतं.

उपाय फार खर्चाचा नाही. ‘मनाई’ हा शब्द सगळ्यात वर, लाल रंगात लिहायचा, किंवा चित्र काढून त्यावर फुली मारायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते कळतं. ग्रामपंचायतीनं पुढच्या वेळी पेंटरला एवढं सांगितलं तरी पुरे. दंडाची रक्कम मात्र लिहा. ‘केल्यास दंड रु.’ आणि पुढे कोरी जागा, खाली ‘आदेशावरून’. कुणाच्या आदेशावरून आणि किती दंड, हे कळत नाही तोवर त्या पाटीला कोण भिणार?

पाटीवरची अर्धी नावं

आता मथळ्यातल्या प्रजिमाकडे येऊ. रस्त्याच्या कडेला ‘प्रजिमा’ आणि पुढे एक आकडा लिहिलेला दिसतो. नवखा माणूस विचारतो, ही प्रजिमाताई कोण, हिच्या नावानं रस्ता कसा? प्रजिमा म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग. तिची धाकटी बहीण ‘इजिमा’, म्हणजे इतर जिल्हा मार्ग. ‘ग्रामा’ म्हणजे ग्रामीण मार्ग. ‘रामा’ हा कुणाचा गडी नाही, तो राज्य मार्ग, आणि ‘प्ररामा’ म्हणजे प्रमुख राज्य मार्ग.

अशी बरीच मंडळी पाट्यांवर राहतात. ‘लपा तलाव’ कुठं लपलेला नसतो. लघु पाटबंधारे खात्याचा तलाव, म्हणून ल.पा. ‘को.प. बंधारा’ म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. ‘साबां’ म्हणजे सार्वजनिक बांधकाम, ‘गविअ’ म्हणजे गटविकास अधिकारी. गावाच्या नावापुढचं ‘बु॥’ आणि ‘खु॥’ तर परगावच्या पाहुण्याला हमखास अडवतं. बु॥ म्हणजे बुद्रुक, खु॥ म्हणजे खुर्द. दोन्ही शब्द फारसीतून आले. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की ओळखायला ही सोय. पुण्यातलं आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द हे त्यातलंच. आज काही ठिकाणी खुर्द वाढून बुद्रुकापेक्षा मोठं झालंय, पण पाटी बदलत नाही.

यातली रस्त्यांची नावं मात्र पाठच करून ठेवा. खड्डा पडला की आपण पहिल्यांदा सरपंचाला धरतो. सरपंच म्हणतो, रस्ता माझ्याकडे नाही. तो टाळतोय असं वाटतं, पण बऱ्याचदा ते खरंच असतं. साधारणपणे राज्य मार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ होण्यातच महिने जातात. पाटी मोडली असेल तर किलोमीटरचा दगड बघा. त्याचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता.

त्याच दगडावरचा आकडा अपघाताच्या वेळी उपयोगी पडतो. 108 ला फोन लावल्यावर ‘ते मोठं वडाचं झाड आहे ना, त्याच्या थोडं पुढं’ असं सांगून उपयोग नसतो. गाडीचा चालक बाहेरचा असू शकतो, त्याला तुमचं वडाचं झाड माहीत नसतं. रस्त्याचं नाव आणि किलोमीटर सांगा. पुलाजवळ किंवा मोरीवर ‘12/400’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बारा किलोमीटर चारशे मीटर. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 हा मदत क्रमांकही आहे.

कुणीच न वाचलेली पाटी

नवीन रस्ता झाला की कडेला एक मोठा निळा किंवा पिवळा फलक उभा राहतो. त्याच्यासमोर नारळ फुटतो, फोटो निघतात आणि नंतर शेळ्या त्याला अंग घासतात. त्यावर कामाचं नाव, लांबी, रक्कम, ठेकेदाराचं नाव, काम सुरू आणि पूर्ण झाल्याच्या तारखा असतात. खाली एक असा शब्द असतो की वाचणारा तिथंच थांबतो: ‘दोष दायित्व कालावधी’. हा शब्द ज्यानं काढला त्याला लोकांना कळू द्यायचं नव्हतं असंच वाटतं. साधा अर्थ असा, की एवढ्या काळात रस्ता बिघडला तर ज्यानं केला त्यानंच दुरुस्त करून द्यायचा.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची देखभाल काम झाल्यावर पाच वर्षं त्याच ठेकेदाराकडे असते. म्हणजे तिसऱ्या वर्षी डांबर उखडलं तर ‘निधी नाही’ हे उत्तर चालत नाही. नव्या निधीचा प्रश्नच येत नाही, जुन्या करारातच ते काम धरलेलं असतं. या योजनेच्या रस्त्यांची तक्रार ‘मेरी सड़क’ या मोबाइल अ‍ॅपवर फोटोसह करता येते.

गंमत अशी की रस्त्याच्या आधी बऱ्याचदा हा फलकच खराब होतो. रंग उडतो तो नेमका रकमेचा आणि तारखेचा. त्यामुळे फलक नवा असतानाच त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. नारळ फोडणाऱ्यांचा फोटो सगळेच काढतात. फलक लावलाच नसेल किंवा रकाने कोरे असतील तर माहिती अधिकारात अर्ज करून हीच माहिती मागता येते.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’

दुकानातल्या पाट्यांची वेगळीच मजा. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी वर्षानुवर्षं तशीच टांगलेली असते आणि ‘उद्या’ काही येत नाही. ‘फॅशनच्या दुनियेत गॅरंटीची अपेक्षा करू नये’ वाचून आपण हसतो आणि शर्ट घेतो. उधारीची पाटी ही दुकानदाराची मर्जी, त्यात गैर काही नाही.

पण ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी तशी नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 सांगतो की सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर 30 दिवसांत माल परत करता येतो. भिंतीवर पाटी लावली म्हणून कायदा बदलत नाही. रंग आवडला नाही, विचार बदलला, यासाठी हा नियम नाही हेही लक्षात घ्या. पंप चालूच होत नाही, पाइपला आधीच चीर आहे, अशा मालासाठी आहे. बिल मात्र हवंच. बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथाच धरली आहे.

तसंच ‘थंड पाण्याच्या बाटलीला दोन रुपये जादा’. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, मग फ्रिज कुणाचाही असो. दोन रुपयांसाठी कोण भांडणार, हे दुकानदारालाही माहीत असतं, म्हणून तर तो पाटी लावायचं धाडस करतो.

याउलट जी पाटी असायलाच हवी ती बऱ्याचदा दिसत नाही. खताच्या दुकानात शिल्लक साठा आणि दर ठळकपणे लावणं खत नियंत्रण आदेश 1985 नुसार बंधनकारक आहे. पेरणीच्या घाईत ‘युरिया संपला’ असं ऐकलं की आधी तो फलक शोधा. नसेल तर पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे तक्रार करता येते. बाकी ग्राहक तक्रारींसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 1915.

रस्त्यावर हसताना जरा जपून

ट्रकमागच्या ओळी हा तर सगळ्यांचा आवडता विषय. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर महाराष्ट्रात 2015 मध्ये परिवहन विभागानं बंदी घातली, कारण ती ओळ विनाकारण हॉर्न वाजवायला सांगते. तरी ट्रकांवर ती दिसतेच. एसटीत ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ या पाटीवर किती विनोद झाले असतील याला गणती नाही. पुढच्या वेळी विनोद करताना ती खिडकी उघडते का, की तिच्यासमोर पोती रचली आहेत, हेही बघा. पोती असतील तर वाहकाला सांगा.

‘अपघातप्रवण क्षेत्र’ या पाटीला पोरं ‘अपघातप्रवीण’ म्हणतात. हा शब्दही कचेरीतलाच. मुळात मोजमाप असं आहे: साधारण 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा सगळे मिळून दहा जीव गेले, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ धरली जाते. म्हणजे तिथं आधीच माणसं गेलेली असतात. ‘इथं माणसं मेली आहेत, हळू चालवा’ असं सरळ लिहिलं असतं तर पाय आपोआप ब्रेकवर गेला असता.

सगळ्यात वाईट आहे ती नसलेली पाटी. गावात एखादा अपघात झाला की रातोरात गतिरोधक घातला जातो. भावना बरोबर असते, पण तो विटेएवढा उंच, बिनरंगाचा आणि बिनपाटीचा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे पसरट हवा, त्यावर पट्टे हवेत आणि 40 मीटर आधी सूचना फलक हवा. आपल्याकडचा अंधारात दिसतच नाही. दुचाकी उडते आणि बऱ्याचदा खाली पडते ती मागे एका बाजूला बसलेली बाई, जिच्या हातात पोर असतं.

गतिरोधक किंवा फलक हवा असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. अर्ज रस्ता ज्याच्याकडे आहे त्या विभागाला द्या आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवा. अर्जात रस्त्याचं पाटीवरचं नाव, किलोमीटरचा आकडा, तिथं झालेल्या अपघातांच्या तारखा आणि दोन फोटो जोडा, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.