रिम वाढवा, टायरची उंची नको

नागपूरच्या महालातली कार रोज बडकस चौक, केळीबाग रोड आणि घरामागच्या बोळांतून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर फिरते. सुट्टी आली की तीच कार शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढते आणि तासन् तास १००-१२० च्या वेगाने पळते. नवे अलॉय व्हील निवडताना या दोन्ही वाटा डोळ्यांसमोर हव्यात. दुकानात मात्र बोलणे होते ते डिझाइनचे, आणि फार तर ‘यात १६ इंची बसेल ना?’ एवढेच. बसायला बरेच काही बसते. ते बसल्यावर गाडीचे काय होते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

सुरुवात टायरच्या बाजूवरच्या आकड्यांपासून करू. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५ टायर येतो. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के, सुमारे १२० मिमी, एवढी टायरची भिंत. १५ हा रिमचा व्यास, इंचात. १५ इंचांचे ३८१ मिमी होतात. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की पूर्ण चाकाची उंची ६२१.५ मिमी निघते. स्विफ्टच्याच खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर असतो, त्याची उंची ६१९.६ मिमी. बलेनोच्या वरच्या मॉडेलचा १९५/५५ आर१६ घ्या: ६२०.९ मिमी. रिम १४ वरून १६ वर गेली तरी चाकाची उंची दोन मिलिमीटरनेही हलली नाही. रिम जेवढी वाढेल तेवढे रबर कमी करायचे, हा हिशेब कंपनीने आधीच करून ठेवलेला आहे.

तो मोडला की गडबड सुरू होते. रिम १५ इंचीच ठेवून, गाडी उंच दिसावी म्हणून २०५/६५ टायर चढवला तर चाकाची उंची ६४७.५ मिमी होते, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त वाढ. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात गाडी आधीपेक्षा जास्त अंतर कापते, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. पूर्वी काटा १२० वर असताना गाडी जेवढी पळायची, त्यापेक्षा आता ताशी पाच किलोमीटर जास्त पळते. पिकअप मंदावतो. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर मडगार्डला घासायची भीती असते. उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा या धंद्यातला सर्वसाधारण संकेत आहे. माझ्या मते एक-दीड टक्क्यापुढे जायचे कारणच नाही.

मोठ्या रिमची खरी किंमत टायरच्या भिंतीत मोजावी लागते. १५ इंचीला १२० मिमी असलेली भिंत वरच्या १६ इंची मापात १०७ वर येते, आणि २०५/४५ आर१७ घेतला तर ९२ वर. बुटक्या भिंतीचा टायर वळणावर कमी कलतो, स्टिअरिंगला चटकन साथ देतो. गाडी चालवायची हौस असलेल्याला ते आवडणारच. पण नागपुरात सिमेंट रस्त्याची कड आणि शेजारचे गट्टू यांच्यात जागोजागी पायरी सापडते. तिरप्या चाकाने ती चढताना टायर रिमची कड आणि सिमेंट यांच्यात चिमटतो, आतले धागे तुटतात आणि मग भिंतीवर लिंबाएवढा फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. म्हणून महालासारख्या वस्तीत राहणाऱ्याने कंपनीच्या मापापेक्षा एक इंच वाढवावा आणि थांबावे.

रिमच्या मागच्या बाजूला आणखी काही आकडे कोरलेले असतात. ते पाहायला रिम उलटी करून मागा. स्विफ्टला चार नट १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर लागतात, याला पीसीडी म्हणतात. १०८ ची रिम इथे चालत नाही आणि भोके वाढवून ती चालवूही नये. ‘ईटी’पुढचा आकडा ऑफसेटचा. हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, ते तो सांगतो. समजा सहा इंच रुंद, ईटी ४५ च्या रिमऐवजी सात इंच रुंद, ईटी ३५ ची रिम लावली. चाकाची बाहेरची कड सुमारे २३ मिमी पुढे येते. दिसायला रुबाबदार, पण बेअरिंगवर ताण वाढतो आणि बोळात वळताना आधी ओट्याला लागते ती रिम. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर हब रिंग बसवून घ्या, नाहीतर बॅलन्सिंग करूनही वेगात स्टिअरिंग थरथरत राहते.

समृद्धीसाठी सर्वांत मोलाचा आकडा मापाच्या शेवटी असतो, आणि तोच कोणी पाहत नाही. ८८एच मधला ८८ सांगतो की एक टायर ५६० किलो पेलतो. ८४ असेल तर ५०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. ड्रायव्हरच्या दाराशी असलेल्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा हे कमी नको. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. त्यावर उन्हाळ्यात हवा कमी ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, टायर आतून तापतो आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत ती उष्णता बाहेर पडायला वाव उरत नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना, स्टिकरवरच्या आकड्याएवढीच भरा. टायरवरचे चार आकडेही वाचा: २३२४ म्हणजे २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी १.६ मिमीवर आली की कायद्याने त्या टायरचे आयुष्य संपले.

कायद्याचे बोलायचे तर, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणूनच आपल्या मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला कंपनीच देते ते माप सर्वांत सुरक्षित. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा.

नवे अलॉय व्हील लावल्यावर गाडीत पाच माणसे बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, कुठे घासते का. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. आणि जुन्या रिम दुकानदार अर्ध्या किमतीत मागेल, तरी देऊ नका. गाडी विकताना किंवा एखादी अलॉय वाकली तर त्याच लागतात.