बरणीची माती, राखेची झिलई

हिंगोलीच्या बाजारात उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. पाणी गार व्हायचं तर माठ पाझरायलाच हवा, आणि आव्यात आठ-नऊशे अंशांवर भाजलेली माती पाझरतेच. लोणच्याच्या बरणीचं उलट. तिची माती 1200 अंशांच्या पुढे तापते, मातीचा काही भाग वितळून कणांमधल्या फटी बुजवतो, म्हणून वर्षभर खार मुरला तरी ती झिरपत नाही. हेच स्टोनवेअर. डेन्मार्क-स्वीडनच्या कलाकारांनी विसाव्या शतकात या दणकट मातीला कलादालनात नेलं. आपल्याकडे हे काम करणाऱ्यांत निर्मला पटवर्धन यांचं नाव आधी घ्यायला हवं.

सिंधमधल्या हैदराबादेत 1928 साली जन्म, शांतिनिकेतनात शिक्षण, पुढे जर्मनीत स्टुटगार्टला आणि इंग्लंडमध्ये कुंभार-कलावंत बर्नार्ड लीच यांच्याकडे. स्वातंत्र्यसैनिक अच्युतराव पटवर्धन त्यांचे दीर, माहितीपटकार आनंद पटवर्धन त्यांचे चिरंजीव.

त्यांचा खरा ध्यास झिलईचा. डेन्मार्कच्या सॅक्सबो या स्टोनवेअर कारखान्यात नाताली क्रेब्स या केमिकल इंजिनिअर बाई झिलई सांभाळत, भांड्यांचे आकार दुसरे कलाकार घडवत. निर्मलाताईंनी दोन्ही स्वतःच केलं. चीनमधली जुनी ‘जुन’ झिलई त्यांच्या खास आवडीची. तिची निळाई निळ्या रंगातून येत नाही. वितळलेल्या काचेत अतिसूक्ष्म थेंब वेगळे होतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि डोळ्यांना निळं दिसतं. भट्टीत हवा कमी सोडली की झिलईतलं लोह तपकिरीऐवजी हिरवट छटा देतं. अंदाज थोडा हुकला तरी सगळा घाणा वाया.

एवढ्या कष्टाने हाती आलेलं त्यांनी लपवून ठेवलं नाही. 1984 साली ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ लिहून सगळं खुलं केलं. मला त्यांच्या भांड्यांपेक्षाही हे पुस्तक मोठं वाटतं, कारण असं ज्ञान बहुतेकदा कारागिराबरोबरच संपतं.

निर्मलाताई राखेचीही झिलई करत. राखेत चुना आणि पोटॅश असतात, ते मातीला वितळवतात. आपल्याकडे कापूस निघाला की पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर जळतात. ती राख चाळून, धुऊन, माती आणि फेल्सपार हे खनिज मिसळून 1250 अंशांवर नेली तर कोणता रंग देईल, हे कुणा कुंभाराच्या मुलामुलीने इथेच, हिंगोलीत, करून पाहावं अशी माझी फार इच्छा आहे.