ऐकीव विद्या आणि मुलांचे डोळे

न्यायाच्या कचेरींत साक्षीदारास पहिला प्रश्न होतो तो हा कीं, ‘हें तूं स्वतः पाहिलेंस काय?’ ‘लोक म्हणतात’ असें उत्तर आलें तर त्या साक्षीची किंमत बहुधा तेथेंच संपते. परंतु जी कसोटी आम्ही दोन हात जमिनीच्या दाव्यास लावितों, ती आपल्या मुलांच्या विद्येस लावण्याचें आमच्या मनांतहि येत नाहीं. सहा-सात वर्षांचें मूल ‘पाणी मिळालें म्हणजे बीं रुजतें’ हें वाक्य घडाघड म्हणून दाखवितें आणि आईबाप धन्यता मानितात. पण रुजतांना त्यानें तें पाहिलें आहे काय, हें कोणी विचारीत नाहीं. असली विद्या म्हणजे केवळ ऐकीव पुरावा होय.

यावर उपाय घरांतच आहे. मूठभर मटकीचे तीन वांटे करावे. एक कोरडा ठेवावा, दुसरा रात्रभर भिजवून ओल्या फडक्यांत बांधावा, तिसरा भांडेंभर पाण्यांत बुडवूनच ठेवावा. आणि कोणत्या वांट्यास मोड येतील हें मुलास आधीं विचारावें. कोरडी मटकी तशीच राहते, फडक्यांतल्या मटकीस मोड येतात, आणि बुडालेली कांहीं दिवसांत कुजूं लागते. पाणी तर तिलाच सर्वांत अधिक मिळालें होतें! तेव्हां बियांस पाण्याबरोबर हवाहि लागते, याचा शोध मुलास लागतो, आणि पाठ केलेलें वाक्य अर्धेंच खरें होतें हेंहि कळतें.

कुंडींतल्या लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या कोंवळ्या पानांवर एक काळें-पिवळें फुलपाखरूं अंडीं घालतें. त्यांतून निघणारी अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळें ती शत्रूच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते, मग कोश करिते, व सुमारें एका महिन्यांत फुलपाखरूं बाहेर पडतें. आम्ही मात्र ‘किडा, किडा’ म्हणून ती अळी चिरडून टाकितों, आणि महिनाभराचा पाठ एका क्षणांत बंद पडतो.

साधनें कोठून आणावीं, असें विचारणारांनीं ताराबाई मोडक यांचें कार्य आठवावें. १९४५ सालीं त्यांनीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, व पुढें १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. माँटेसरी पद्धतीचीं महाग उपकरणें खेड्यांत परवडणारीं नव्हतीं. म्हणून शंख, शिंपले, बिया, पानें व खडे हींच तेथें उपकरणें झालीं. जें खेड्यांत साधलें, तें पेठेंतल्या सुखवस्तु गृहस्थास कां साधूं नये?

खरी अडचण पैशाची नसून मानाची आहे. मुलानें ‘कां?’ विचारिलें कीं, ‘मोठा झालास म्हणजे कळेल’ असें दरडावून आम्ही आपलें अज्ञान झांकितों. ‘मलाहि ठाऊक नाहीं, चल, पाहूं’ एवढें म्हणण्यानें बापाचा मान जात नाहीं, मुलाचा विश्वास मात्र वाढतो. आणि हें ‘चल’ मुलीसहि म्हटलें पाहिजे. मुलाच्या हातीं भिंग व मुलीच्या हातीं केरसुणी, हा पंक्तिप्रपंच विद्येंत चालावयाचा नाहीं.

१९७६ सालच्या ४२ व्या दुरुस्तीनें वैज्ञानिक दृष्टि व जिज्ञासा वाढविणें हें आमच्या राज्यघटनेंत नागरिकाचें मूलभूत कर्तव्य ठरलें. पण कलम लिहिल्यानें दृष्टि येत नसते. ती लहानपणींच यावी लागते. व्यापारी बंधूंस रोजकीर्दीचें महत्त्व सांगावयास नको. तशीच एक वही मुलास द्यावी. जें डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच तींत तारीख घालून लिहावें. ही संवय लागलेलें मूल पुढें भोंदूच्या अंगाऱ्यास किंवा बाजारगप्पेस सहजासहजीं बळी पडणार नाहीं. स्वराज्य १९४७ सालीं मिळालें. तें टिकावयाचें तें अशाच नागरिकांच्या बळावर.