सोमवारी सकाळी कॉम्प्युटर का हँग होतो?

आज खडकवासल्यात बोलायचं म्हणजे सुरुवात पाण्यापासूनच करावी लागेल.

पुण्यात अधूनमधून पेपरात एक चौकट येते. गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. त्या दिवशी धरणात पाणी नसतं असं नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून २९.१५ टीएमसी पाणी मावतं. गुरुवारी पंपांची, व्हॉल्व्हची, विजेच्या जोडण्यांची दुरुस्ती असते, म्हणून नळ कोरडा राहतो. आपण बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवतो आणि शनिवारी सगळं विसरून जातो.

कॉम्प्युटरचाही असा एक गुरुवार असतो. फरक इतकाच की तो पेपरात चौकट देत नाही. आज आपण त्याच गुरुवाराबद्दल बोलणार आहोत. लिनक्सवर फाइल सिस्टिमची देखभाल चालू झाली की कॉम्प्युटर का अडकतो, ते ओळखायचं कसं, आणि त्यावर करायचं काय. (फळ्यावर लिहिलेले आदेश इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत.)

एका वाचनालयाची गोष्ट

आम्ही लिनक्स वापरणारे तिघे-चौघे आहोत. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून द्यायचं काम हौसेनं करतो. या परिसरातल्या एका लहान वाचनालयाला असाच एक दिला होता. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, आणि त्यावर बीटीआरएफएस नावाची फाइल सिस्टिम. सभासदांची यादी, पुस्तकांची देवघेव आणि प्रत्येकाची अनामत रक्कम, सगळं त्यात.

काही महिन्यांनी तिथल्या ग्रंथपाल काकूंचा फोन आला. "अहो, दर सोमवारी सकाळी हा अडकून बसतो. माऊसचा बाण हलतो, पण क्लिक केलं की काही उघडत नाही. मग मी मेन बटण बंद करून चालू करते. आधी फक्त सोमवारी व्हायचं, आता मंगळवारी-बुधवारीही होतंय." ओळखीच्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की व्हायरस असेल, फॉरमॅट मारून टाका. नोंदींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. फॉरमॅट मारला असता तर कोणाची किती अनामत जमा आहे, हे सांगायला काही उरलं नसतं.

आम्ही गेल्यागेल्या नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. बाकी तपासणी नंतर. हा क्रम लक्षात ठेवा, कारण घाईत तोच उलटा होतो.

देखभाल म्हणजे नेमकं काय चालतं?

फाइल सिस्टिम म्हणजे डिस्कवर काय कुठे ठेवलंय याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था. हिशेब म्हटला की ताळेबंद आला. तो वेगवेगळ्या प्रकारे होतो.

एसएसडी असेल तर 'एफएसट्रिम' चालतं. पुसलेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे, हे ते डिस्कला कळवतं. बऱ्याच लिनक्स प्रकारांत हे आठवड्यातून एकदा होतं. दोन डिस्कची रेड जोडणी असेल तर डेबियनवर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी दोन्ही डिस्क ताडून पाहण्याचं काम ठरलेलं असायचं. जुन्या ईएक्सटी३ वर ठरावीक वेळा मशीन सुरू झालं, किंवा १८० दिवस उलटले, की बूट होतानाच 'एफएससीके' पूर्ण तपासणी करत बसायचं. ही सक्तीची तपासणी २०११ पासून नव्या फाइल सिस्टिमवर आपोआप लागत नाही.

बीटीआरएफएसची कामं जास्त आहेत. ही फाइल सिस्टिम २००७ मध्ये ख्रिस मेसन यांनी सुरू केली आणि २००९ मध्ये ती लिनक्सच्या कर्नलमध्ये आली. ओपनसूसेनं २०१४ च्या १३.२ आवृत्तीपासून आणि फेडोरा वर्कस्टेशननं २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून ती मूळ पर्याय म्हणून दिली. तिच्यात 'स्क्रब' असतो. तो डिस्कवरचा सगळा मजकूर वाचून चेकसम जुळतात का ते पाहतो. शिवाय स्नॅपशॉटची साफसफाई असते, आणि 'बॅलन्स' असतो.

बॅलन्स समजायला सोपा आहे. बीटीआरएफएस डिस्कची जागा मोठ्या तुकड्यांत वाटून घेते. आपल्या मजकुरासाठीचा तुकडा सहसा १ जीबीचा असतो. फाइली पुसत गेलो की काही तुकडे अर्धेमुर्धे रिकामे पडतात. पिंपात वीतभरच तांदूळ उरले, तरी पिंपानं जागा अडवलेलीच असते ना? बॅलन्स अशा पिंपांतले तांदूळ एकत्र करतो आणि रिकामी पिंपं परत करतो. काम चांगलं आहे, पण पिंपं उचलायचा भार डिस्कवर येतो.

मग सगळंच का अडकतं?

फिरत्या हार्ड डिस्कला इकडे एक, तिकडे एक असं विखुरलेलं वाचायला सांगितलं तर सेकंदाला साधारण शंभरेक वाचनंच जमतात. प्रत्येक वेळी तिचं डोकं हलतं आणि तबकडी फिरून यायची वाट बघावी लागते. देखभालीनं ही रांग भरून टाकली की तुमचा ब्राउझर रांगेच्या शेवटी उभा राहतो. प्रोसेसर मोकळा असतो, पण सगळे डिस्कच्या उत्तराची वाट पाहत बसलेले.

अशा थांबलेल्या प्रोसेसला लिनक्समध्ये 'डी' स्थिती म्हणतात. ती एंड टास्कसारखं काही करूनही मरत नाही, अगदी 'किल -९' नंही नाही. १९९३ पासून लिनक्स अशा ताटकळलेल्या प्रोसेस 'लोड ॲव्हरेज' मध्ये मोजतं. म्हणून लोड ८ किंवा १० दिसतो आणि प्रोसेसर मात्र निवांत, असं चित्र दिसतं.

बीटीआरएफएसवर आणखी एक भानगड होऊ शकते. एकाच मजकुराकडे अनेक स्नॅपशॉट बोट दाखवत असतात. त्यातच कोटा चालू असेल, म्हणजे कोणता स्नॅपशॉट किती जागा खातो याचा हिशेब ठेवायला सांगितलेला असेल, तर बॅलन्स करताना किंवा स्नॅपशॉट पुसताना 'हा तुकडा अजून कोणाकोणाचा?' हे शोधत बसावं लागतं. तेव्हा कर्नलचा एक धागा प्रोसेसर शंभर टक्के वापरताना दिसतो, आणि एसएसडी असूनही मशीन अडकतं. वाचनालयात नेमकं हेच झालं होतं. कोटा चालू होता, आणि प्रत्येक अपडेटच्या आधी-नंतर घेतलेले स्नॅपशॉट साठले होते.

सोमवारच का?

लिनक्सच्या टायमरमध्ये नुसतं 'वीकली' लिहिलं, तर त्याचा अर्थ सोमवारी रात्री बारा, म्हणजे रविवार संपता क्षणी. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरसाठी ती वेळ ठीक आहे. पण वाचनालयाचा कॉम्प्युटर रात्री बंद असतो. अशा बऱ्याच टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' हा पर्याय चालू असतो. म्हणजे ठरलेली वेळ हुकली, तर मशीन सुरू झाल्याबरोबर राहिलेलं काम उरकून घे. काकू सोमवारी सकाळी बटण दाबतात, आणि त्याच क्षणी आठवड्याचं काम समोर येतं.

आणि मंगळवार-बुधवार कुठून आले? बॅलन्स अर्धवट असताना वीज गेली, तर बीटीआरएफएसवरच्या फाइली सहसा बिघडत नाहीत, कारण ती जुन्या मजकुरावर थेट लिहीत नाही. पण अपुरा राहिलेला बॅलन्स पुढच्या वेळी आपोआप पुन्हा सुरू होतो. काकू बटण बंद करत होत्या, मशीन उठल्यावर तेच काम पुढे चालू करत होतं, परत अडकत होतं, परत बटण. ज्याला त्या औषध समजत होत्या, त्यानंच दुखणं लांबलं होतं.

ओळखायचं कसं?

पहिलं काम म्हणजे घड्याळ आणि कॅलेंडर बघा. अडकणं ठरावीक वारी, ठरावीक वेळी होत असेल तर देखभालीचा संशय घ्या.

दुसरं, कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा बघा. तो सतत लुकलुकत असेल तर मशीन मेलेलं नाही, राबतंय.

तिसरं, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन मिळेल. दोन-तीन मिनिटं लागली तरी थांबा. तिथे 'टॉप' चालवा आणि 'डब्ल्यूए' पुढचा आकडा बघा. तो मोठा असेल तर सगळे डिस्कसाठी थांबलेत. 'आयओटॉप' असेल तर डिस्क कोण वापरतंय त्याचं नावच कळतं.

चौथं, 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' चालवा. कोणतं काम शेवटचं कधी झालं आणि पुढचं कधी आहे, याची यादी मिळते. हीच ती पेपरातली चौकट. फक्त ती मागून घ्यावी लागते.

पाचवं, 'बीटीआरएफएस बॅलन्स स्टेटस' आणि 'बीटीआरएफएस स्क्रब स्टेटस'. काम चालू आहे का, किती झालं, ते इथे कळेल.

इथे एक सावधगिरी. कर्नलच्या लॉगमध्ये 'आय-ओ एरर' दिसत असेल, डिस्क टकटक आवाज करत असेल, किंवा 'स्मार्टसीटीएल' मध्ये 'पेंडिंग सेक्टर' वाढत असतील, तर हा गुरुवार नव्हे, पाइपच फुटलाय. तेव्हा बॅलन्स, स्क्रब काही करू नका. आधी बॅकअप घ्या आणि डिस्क बदला. मात्र १२० सेकंदांहून जास्त वेळ एखादी प्रोसेस अडकल्याचा संदेश दिसला, तर तेवढ्यावरून डिस्क खराब ठरवू नका. तो नुसत्या गर्दीतही येतो.

करायचं काय?

घाई नसेल तर काम संपू द्या. ५०० जीबी मजकूर सेकंदाला १०० एमबी वेगानं वाचायचा झाला, तरी दीड तास लागतो. घाई असेल तर 'बीटीआरएफएस बॅलन्स पॉज' किंवा 'कॅन्सल' द्या. हातातला तुकडा संपवून मगच ते थांबतं, म्हणून आदेश देऊन लगेच वैतागू नका. सुरू होतानाच अडकत असेल तर बूटच्या ओळीत 'रूटफ्लॅग्ज=स्किप_बॅलन्स' जोडता येतं.

अगदीच काही चालेना, तर मेन बटणाआधी ऑल्ट आणि सिसआरक्यू दाबून धरा आणि सावकाश एस, यू, बी दाबा. एसनं राहिलेलं डिस्कवर लिहिलं जातं, यूनं डिस्क फक्त वाचण्यापुरती राहते, बीनं मशीन रिस्टार्ट होतं. बऱ्याच लिनक्स प्रकारांत या तीन कळा चालतात.

कायमचा उपाय म्हणजे देखभालीची वेळ आपल्या सोयीनं ठरवणं. वाचनालय दुपारी एक ते चार बंद असतं. आम्ही बॅलन्सचा मूळ साप्ताहिक टायमर बंद केला आणि महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीडचा नवा लावला. त्यात 'पर्सिस्टंट' ठेवलं नाही. बॅलन्सलाही मर्यादा घातली, 'डीयूसेज=१०', म्हणजे दहा टक्क्यांहून कमी भरलेलेच तुकडे उचल. मर्यादा न घालता पूर्ण बॅलन्स करणं टाळा, त्यात सगळी डिस्क नव्यानं लिहिली जाते. कोट्याचा हिशेब तिथे कोणी बघत नव्हतं, म्हणून 'बीटीआरएफएस कोटा डिसेबल' केलं. कोटा बंद केल्यावर जागा बघून स्नॅपशॉट पुसण्याची सोय जाते, म्हणून किती स्नॅपशॉट ठेवायचे तो आकडा स्नॅपरमध्ये कमी केला.

दुसरा कोणता टायमर बदलायचा असेल तर 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरा. तिथे आधी एक रिकामी 'ऑनकॅलेंडर=' ओळ लिहा आणि खालच्या ओळीत नवी वेळ. रिकामी ओळ विसरलात तर जुनी आणि नवी, दोन्ही वेळा लागू होतात. यात आमचीही फसगत झालेली आहे.

नंतरच्या सोमवारी काकूंना फोन केला. मशीन नीट चालू होतं.

प्रश्न आला: ही देखभाल बंदच करून टाकली तर?

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. एफएसट्रिम नसेल तर एसएसडी कालांतरानं मंदावू शकते. स्क्रब नसेल तर खराब झालेली फाइल तुम्हाला ती उघडाल त्याच दिवशी कळेल, आणि तोवर बॅकअपमध्येही तीच खराब प्रत गेलेली असेल. बॅलन्स कधीच केला नाही तर डिस्कवर जागा दिसत असूनही 'जागा नाही' असं उत्तर मिळण्याची वेळ येऊ शकते. गुरुवारचं काम रद्द केलं की पंप एखाद्या भलत्याच वारी बंद पडतो, आणि त्या दिवशी बादल्या भरलेल्या नसतात.

वाचनालयातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता प्रत्येक पहिल्या बुधवारभोवती पेनानं गोल केलेला असतो. त्याखाली काकूंनी लिहिलंय: दुपारी कॉम्प्युटरचं काम, हात लावू नये. आणि त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घेतली जाते. टायमर आम्ही बदलला, पण बुधवारच्या आधी बादल्या भरायची सवय त्यांनी स्वतः लावून घेतली. तुमच्या घरच्या मशीनवर आज रात्री एवढंच करा: 'लिस्ट-टायमर्स' चालवा, पुढची तारीख बघा, आणि त्याआधी एक प्रत काढून ठेवा.