पवईत जन्मलेली ‘कार टी-सेल’ थेरपी नेमकी काय आहे? कोणत्या रुग्णांना तिचा उपयोग होतो?

एकच इंजेक्शन आणि कॅन्सर गायब, अशा आशयाचे मेसेज अनेकदा फिरताना दिसतात. त्यात भारतीय ‘कार टी-सेल’ थेरपीचा उल्लेखही असतो. ही थेरपी खरी आहे आणि ती मुंबईच्या उपनगरात, पवईच्या आयआयटी बॉम्बेत जन्मली आहे. पण ती सगळ्या कॅन्सरवर चालत नाही.

सुरुवात कशी झाली?

आयआयटीतले प्रा. राहुल पुरवार यांची टीम आणि टाटा मेमोरियल सेंटरचे डॉक्टर यांनी मिळून ही थेरपी विकसित केली. तिचं नाव ‘नेक्सकार-१९’. आयआयटीतच सुरू झालेली ‘इम्युनोअॅक्ट’ ही कंपनी ती तयार करते. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकांनी तिला मंजुरी दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत तिचं लोकार्पण झालं.

ती काम कशी करते?

आपल्या रक्तातल्या टी-पेशी शरीराच्या पहारेकरी असतात. पण कॅन्सरची पेशी शरीराचीच असल्याने पहारेकरी अनेकदा फसतात. म्हणून रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात आणि लॅबमध्ये त्यांच्यात एक नवं जनुक सोडतात. ते आत पोहोचवण्याचं काम निरुपद्रवी केलेला विषाणू करतो.

जनुक म्हणजे लिखित सूचना. पेशी ती सूचना वाचून प्रथिन तयार करते, याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. इथे तयार होणारं प्रथिन निसर्गात नसतं, ते शास्त्रज्ञांनी जुळवलेलं असतं. त्याचं बाहेरचं टोक ‘सीडी-१९’ ही खूण ओळखतं. आतलं टोक टी-पेशीला हल्ल्याचा आदेश देतं. अशा पेशी लॅबमध्ये वाढवून सलाइनसारख्या रुग्णाच्या शिरेतून परत सोडल्या जातात.

पवईच्या टीमने वेगळं काय केलं?

परदेशातल्या सुरुवातीच्या थेरपींमध्ये खूण ओळखणारं टोक उंदराच्या प्रथिनावरून घेतलं होतं. माणसाचं शरीर असा भाग परका समजू शकतं. पवईच्या टीमने या टोकाची रचना माणसाच्या प्रथिनाच्या जवळ नेली. दुष्परिणाम कमी व्हावेत, हा त्यामागचा उद्देश होता.

कोणासाठी आहे?

बी-पेशींच्या काही ठरावीक ब्लड कॅन्सरसाठी, म्हणजे बी-सेल लिम्फोमा आणि बी-सेल ल्युकेमियासाठी. तेही आधीचे उपचार लागू पडले नसतील किंवा आजार उलटला असेल तरच. स्तन, फुप्फुस किंवा तोंडाच्या कॅन्सरसाठी ही थेरपी नाही, कारण त्या पेशींवर सीडी-१९ ही खूण नसते.

धोके काय?

निरोगी बी-पेशींवरही हीच खूण असते. त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि संसर्गाचा धोका वाढतो. टी-पेशी एकदम चवताळल्या तर तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो. या थेरपीच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावरचा परिणाम तपासता आला, अशा रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला. मात्र २ रुग्णांचा मृत्यू उपचारातल्या गुंतागुंतीमुळे झाला. शिवाय प्रतिसाद मिळाला म्हणजे आजार कायमचा गेला, असं नाही.

खर्च किती?

अमेरिकेत फक्त अशा थेरपीची किंमतच काही कोटी रुपयांच्या घरात जाते. नेक्सकार-१९ ची किंमत सुरुवातीला ४२ लाखांच्या आसपास सांगितली गेली. जनुक पोहोचवणारा विषाणू आणि पेशी इथेच तयार होत असल्याने खर्च खाली आला. तरीही ही रक्कम उपनगरातल्या अनेक कुटुंबांना राहतं घर विकायला लावणारी आहे. थेरपी स्वस्त झाली, पण अजून परवडणारी झालेली नाही.

त्यामुळे असा मेसेज आला, तर कॅन्सर नेमका कोणता आणि आधीचे उपचार कोणते झाले, हे आधी पाहायला हवं. त्याचं उत्तर ब्लड कॅन्सरच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडेच मिळेल.