शाळा कोणत्या खात्याची?

मुंबईत १८८५ साली मूकबधिर मुलांची शाळा निघाली. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंध मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि १९०० मध्ये दादरला अंधशाळा उभी राहिली. तिन्हींमागे मिशनऱ्यांची तळमळ होती. अपंग मुलाला शिकवणं हे मात्र तेव्हापासून पुण्यकर्म ठरलं. सरकारचं कर्तव्य ते कुणालाच वाटलं नाही.

या समजुतीला पहिला ठाम छेद १९४४ च्या शिक्षणविषयक सार्जंट अहवालाने दिला. या मुलांची सोय राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचाच भाग असावी आणि ती शिक्षण खात्याने पाहावी, असं त्यात सुचवलं होतं. त्याच वर्षी मुंबईत वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या अपंग लेकीसाठी शाळा सुरू केली. तीच आजची जय वकील शाळा. शिफारस कागदावर राहिली आणि भार आईबापांनी उचलला. १९७२ मध्येही तेच घडलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनीची आई मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली.

अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत बसवण्याची केंद्राची पहिली योजना १९७४ ची. ती समाजकल्याण खात्याकडे होती. शिक्षण खात्याकडे ती १९८२ मध्ये आली.

पुढचा टप्पा अपंगांनी स्वतः लढून मिळवला. जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेटा लावला, तेव्हा अपंगांच्या हक्कांचा १९९५ चा कायदा संसदेत मंजूर झाला. अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण त्यात आलं. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न घालून घेण्यासाठीही झगडावंच लागलं. २०११ च्या गणनेत २ कोटी ६८ लाख अपंग नागरिक नोंदले गेले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखल्या, आणि शाळांवर समावेशित शिक्षणाची जबाबदारी टाकली.

तरीही महाराष्ट्रात विशेष शाळा शिक्षण विभागाकडे नाहीत. पूर्वी त्या सामाजिक न्याय विभागाकडे होत्या, आता दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. त्यामुळे एकाच गावातल्या दोन भावंडांच्या शाळा दोन खात्यांच्या असू शकतात. नेहमीच्या शाळेतही प्राथमिक वर्गात दहा अपंग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावलं. कायमची पदं मंजूर करून घेण्यासाठी २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा आदेश द्यावे लागले.

विशेष शाळा बंद कराव्यात, असं मी म्हणत नाही. ब्रेल, सांकेतिक भाषा, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला धीराने शिकवण्याची हातोटी, हे सारं त्याच शाळांनी जपलं. हे ज्ञान शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत पोचायचं, तर दोन्ही शाळा एकाच खात्याच्या हव्यात. सार्जंट अहवालाची ती शिफारस महाराष्ट्राने आता तरी अमलात आणावी.